स्वतःच्या वावराची मोजणी

मी माझ्या सासऱ्यांना नैराश्यावरच्या औषधाच्या दोन गोळ्या खाऊ घातल्या आहेत. पाचक म्हणून. जेवणानंतर, वरून पाणी देऊन.

सासरे ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकतो. गोळ्या त्यांच्या नव्हत्या, माझ्या होत्या. आणि मी त्या आवळ्याच्या पाचकाच्या बाटलीत लपवल्या होत्या, कारण आमच्या घराण्यात नैराश्य कोणाला होत नाही. बीपी होतं, शुगर होते, गुडघे जातात. या सगळ्यांना आमच्याकडे मान आहे. माझ्या मोठ्या काकू लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईला स्वतःचं नाव सांगायच्या आधी शुगर सांगतात. पण मन बिघडलं असं आमच्याकडे म्हणत नाहीत. मन बिघडलं की गॅस झाला म्हणायचं आणि ओवा चावायचा. मी बेचाळीस वर्षं या शिस्तीत वाढलेला माणूस.

तरी ही गोष्ट सासऱ्यांची नाही, आणि माझी तर नाहीच. (असं मी दर वेळी म्हणतो आणि मग माझंच सांगत बसतो.) ही खंडारे मॅडमची गोष्ट आहे. मी गोळ्या लपवल्या, आणि ज्या बाईमुळे त्या गोळ्या मला मिळाल्या, तिनं आयुष्यात टाचणीसुद्धा लपवली नसेल.

शीला खंडारे, भूकरमापक. म्हणजे सरकारी मोजणी करणाऱ्या. दोन शेतकऱ्यांत धुऱ्यावरून (आमच्याकडे शेताला वावर म्हणतात आणि बांधाला धुरा) भांडण लागलं, तुझा धुरा माझ्या वावरात सरकला म्हणून एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरून झाल्या, की अर्ज येतो आमच्या ऑफिसात, आणि आम्ही जाऊन जमीन मोजून हद्दीच्या खुणा लावून देतो. अकोल्याला मी बदलून आलो तेव्हा मॅडमची नोकरी तीस वर्षांची झालेली. मी राहायला अमरावतीला, रोज बडनेऱ्याहून रेल्वेनं अप-डाऊन. त्या मुर्तिजापुरातून त्याच गाडीत चढायच्या. फलाटावर त्यांना ओळखायला चष्मा लागायचा नाही. सुती साडी वर खोचलेली, पायात मुलाचे जुने पांढरे बूट, डोक्यावर त्याचीच क्रिकेटची टोपी आणि काखेत पुरुषी काळी छत्री. आवाज असा की इंजिनाचा भोंगा आपण आजचा दिवस सुट्टी घ्यावी का, असा विचार करेल.

त्यांना मोजायचा नाद होता. फलाटाच्या पायरीपासून पाण्याच्या नळापर्यंत त्यांची बावीस पावलं. ऑफिसच्या फाटकापासून टेबलापर्यंत एकोणतीस. आणि कोणी काही ठोकून दिलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "मोजलं का?"

"मॅडम, शंभरदा सांगितलं त्या शिपायाला!"

"मोजलं का?"

"मॅडम, या वर्षी गरमी भल्ली हाय!"

"मोजली का?"

एकदा आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये भावनेच्या भरात सांगितलं की मी या ऑफिसवर जिवापाड प्रेम करतो. मॅडमनं तोंड उघडलं, पण मी शेजारीच बसलो होतो, मी त्यांचा पदर ओढला. नाहीतर साहेबांची त्या दिवशी मोजणी झाली असती.

आणि दुपारी एक वाजता, जिथं असतील तिथं, डबा खाऊन झाला की त्या पर्समधून पाकीट काढायच्या, एक पांढरी, बारकी गोळी तळहातावर घ्यायच्या, आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळायच्या. कोणी विचारलं कायची गोळी, तर उत्तर तयार, "मनाची." जसं एखाद्यानं बूट कायचा विचारलं तर चामड्याचा म्हणावं, तसं.

पहिल्यांदा मी ते ऐकलं तेव्हा घाईघाईनं इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. जणू गोळी मीच खाल्ली.

त्या गोळीचा खरा पराक्रम मी बाळापूरकडच्या एका वावरात पाहिला. दोन चुलतभाऊ, एकाच आजोबांची नातवंडं, धुऱ्याच्या दोन बाजूंना काठ्या घेऊन उभे. एक बारीक, एक जाड. बारीक म्हणे, धुरा आठ फूट माझ्याकडे सरकवला. जाड म्हणे, धुरा आपल्या पायानं चालत गेला असन. आम्ही मोजणी करतो आहोत आणि यांचे आवाज चढत चालले आहेत. मी माझं यंत्र तिपाईसकट उचलून सुरक्षित जागी नेलं. माणसांची काळजी मी नंतर घेणार होतो. तेवढ्यात एक वाजला. खंडारे मॅडम दोघांच्या बरोबर मधे, जुन्या हद्दीच्या दगडावर बसल्या, डबा उघडला आणि भाकर खायला लागल्या.

काठी उगारलेल्या माणसासमोर बाई वांग्याची भाजी खात असेल, तर काठीचं करायचं काय? दोघंही थांबले. मॅडमनं डबा संपवला, गोळी काढली.

"बाई, हे कायची गोळी?" बारक्यानं विचारलं. भांडणात खंड पडला की माणूस चौकश्या करतोच.

"मनाची."

"मनाची मंजे? पागलपनाची?"

"पागलपनाची असती तं तुमा दोघाइले दिली असती," मॅडम म्हणाल्या. "हे उदासीची हाय. पाय, तुहं वावर तुहं हाय. दुःख बी आपलंच वावर असते. मानूस मेलं, पीक गेलं, रडू येते. ते आपल्या गटात हाय, त्याले कोनी हटवाचं नाई. पन उदासी मंजे अतिक्रमण. हळूहळू धुरा सरकवते. आंदी झोप घेते, मंग भूक घेते, मंग मानसं घेते. एक दिवस पायतं तं आपल्याले उभं राहाले जागा नाई. हे गोळी धुरा मांगं सारते. दुःख नाई खात ते."

तेवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि टेप उचलली. संध्याकाळी निघताना मी पाहिलं, तर जाडा भाऊ छत्री धरायच्या निमित्तानं मॅडमच्या बाजूनं चालत होता, आणि खाली मान घालून हळूच सांगत होता, "बाई, मले वर्षभरापासून तीन वाजताच जाग येते. मंग काई झोप येत नाई. कोनाले सांगतलं नाई." मॅडमनं पर्समधला एक चिठोरा काढून त्यावर अकोल्याच्या डॉक्टरचे वार आणि वेळ लिहून दिली. अशा चिठ्ठ्या त्यांच्या पर्समध्ये कायम असत.

धुऱ्याचा निकाल मात्र दोघांनाही मान्य झाला नाही. दोघांनी मिळून आमच्याविरुद्ध तक्रार केली. त्यांचं एकमत झालेलं ते तेवढंच.

मॅडमना हे दुखणं कधी, कसं झालं, हे त्यांनी मला एका बैठकीत कधीच सांगितलं नाही. गाडीत तुकड्या-तुकड्यानं कळलं. बाळंतपण झालेलं नव्हतं, नवरा दारू पीत नव्हता, कोणी वारलं नव्हतं, नोकरी चांगली. लोक विचारत, काय झालं? आणि त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं, हेच सगळ्यात वाईट होतं. "काई झालं असतं तं बरं झालं असतं," त्या म्हणायच्या. वेणी घालायला हात वर होत नव्हता. बुद्धपौर्णिमेची खीर शिजवायला बसल्या आणि दूध उतू जाताना नुसत्या पाहत राहिल्या. सासू म्हणे, कामचुकार झाली. शेवटी त्यांचा नवरा, प्राथमिक शाळेतला मास्तर, त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला.

"मले वाटलं गोळी खाल्ली का लगेच नाचाले लागीन," त्या सांगायच्या. "कायचं काय! पंधरा दिवस तं नुसतं तोंड कोरडं अन् जीव मळमळ. मी मास्तरले म्हटलं, हे डॉक्टर गोळी देऊन राहिला मले." आमच्याकडे गोळी देणे म्हणजे थाप मारणे. "मंग तिसऱ्या का चवथ्या आठवड्यात एक दिवस सकाळी भाजीत मीठ कमी लागलं. राऊत, तीन महिन्यांनी मले मीठ कमी लागलं! मी सासूवर असी ओरडली, असी ओरडली! मास्तरच्या डोयात पानी आलं."

त्या औषधाची तुलना त्या शकुंतलेशी करायच्या. मुर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी त्यांच्या लहानपणाची होती. आता ती बंद आहे. "शकुंतलेत बसलं का लगेच अचलपूर येत नव्हतं. इतकी हळू चाले का लोक खाली उतरून बोरं तोडत अन् पळत येऊन पुन्हा चढत. पन काही हुशार मानसं म्हनत, आता गाव जवळ आलं, पायीच जातो. ते उतरत. गाडी पुढं जाये अन् हे रुळावर. गोळीचं बी तसंच हाय. गाव दिसलं म्हनून उतराचं नाई."

मी हे सगळं ऐकून घरी येऊन त्यांच्या आवाजात, हातवाऱ्यांसकट बायकोला आणि मुलीला करून दाखवायचो. नकला करणं हा माझा खरा धंदा; मोजणी आपली पगारासाठी. गाडीतला चहावाला, साहेब, तिकीट तपासनीस, सगळे माझ्याकडे होते. माझी मुलगी पोट धरून हसायची.

आणि मग एका हिवाळ्यात मी बोलायचा बंद झालो.

त्याचं वर्णन करायचं म्हटलं तर करता येत नाही, कारण त्यात काही घडतच नव्हतं. सकाळी बूट घालायला बसलो की एक बूट घालून झाल्यावर मी विश्रांती घ्यायचो. चहा समोर निवायचा. मुलगी म्हणायची, बाबा, चहावाला करा ना, आणि मला चहावाल्याचा आवाज आठवायचा, पण तो काढायला लागणारा माणूस आत सापडत नव्हता. मी हे कोणालाही बोललो नाही. ओवा खाल्ला.

ऑफिसात मी एक कच्चं टिपण काढलं, म्हणजे मोजणी करताना हातानं काढायचा नकाशा. त्यावर उत्तर दिशेचा बाण लागतो. मी बाण खाली काढला. त्या हिशेबानं त्या शेतकऱ्याची विहीर शेजाऱ्याच्या वावरात गेली आणि शेजाऱ्याचं गोठ्याचं छप्पर याच्याकडे आलं. मॅडमनी ते टिपण हातात घेतलं, एकदा सरळ पाहिलं, एकदा उलटं पाहिलं, आणि मग टिपणाऐवजी माझ्याकडे पाहिलं.

"राऊत, झोपतो का?"

"झोपतो ना."

"मोजलं का?"

मी टिपण परत घ्यायला हात पुढे केला.

"अकरा दिवस झाले तू गाडीत कोनाची नक्कल केली नाई. मी मोजले. माह्या मांगं माही नक्कल करतो हे बी मले मालूम हाय. ते बी बंद हाय का?"

"मॅडम, मला गॅसचा त्रास आहे. मला माझं माहीत आहे ना."

आता आमच्या ऑफिसची एक रीत सांगतो. भूकरमापकाला स्वतःच्या वावराची मोजणी करता येत नाही. यंत्र त्याचं असेल, हात त्याचा सराईत असेल, पण स्वतःच्या धुऱ्यावर दुसरा माणूस यावा लागतो. कारण उघड आहे: स्वतःच्या जमिनीवर माणसाची टेप कुठेतरी ढिली पडतेच.

"स्वतःची मोजणी स्वतः करून राहिला का?" मॅडम म्हणाल्या. "चाल."

त्या मला डॉक्टरकडे घेऊन गेल्या आणि बाहेर बाकावर बसल्या. मी आत जाऊन तरुण डॉक्टरीणबाईंना सांगितलं की मला विशेष काही नाही, थोडा गॅस आहे. बाहेरून, बंद दारातून, आवाज आला, "खोटं बोलून राहिला तो!" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवून त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून विचारलं. झोप, भूक, काम, मुलीशी खेळणं, जगावंसं वाटतं का, हेसुद्धा. इतक्या नीट, एकेक खूण तपासत माझी मोजणी आजवर कोणी केली नव्हती. शेवटच्या प्रश्नावर मी जरा थांबलो, आणि थांबलो हे त्यांना दिसलं. गोळी सुरू झाली. पहिले काही दिवस त्रास होईल, तीन-चार आठवड्यांनी फरक पडू लागेल, बरं वाटलं तरी मनानं बंद करायची नाही, आणि घरी कोणाला तरी सांगा, असं त्यांनी बजावलं.

मी तीन गोष्टी ऐकल्या. चौथीच्या वेळी माझं लक्ष खिडकीकडे होतं.

घरी येऊन मी सगळ्या गोळ्या पाकिटातून एकेक सोलून पाचकाच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. रोज जेवणानंतर सगळ्यांसमोर एक खायचो आणि ढेकर द्यायचो, खात्री पटावी म्हणून. माझ्या आयुष्यातला सगळ्यात विचारपूर्वक केलेला मूर्खपणा तो हाच.

चौथ्या आठवड्यात सासरे आले. ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बोटांच्या चिमटीत कापसाचा धागा ओढून तो कुठल्या प्रतीचा ते सांगायचे. निवृत्त झाले तरी जे हातात येईल ते चिमटीत धरून पाहायची सवय गेली नव्हती. रविवारी रोडगे-वरण-वांग्याची भाजी होती. रोडग्यांवर तूप ओतून त्यांनी पाच रोडगे खाल्ले. मी आत हात धुवायला गेलो आणि बाहेर आलो तेव्हा बाटली त्यांच्या हातात होती.

"जवाईबापू, हे पाचक बारीकच हाय. म्हनून दोन घेतल्या. पानी द्या."

आणि मी पाणी दिलं. हेच मला अजून समजत नाही. मी ओरडलो नाही, बाटली हिसकावली नाही. संस्कार म्हणून पाणी दिलं.

मग गच्चीवर जाऊन मॅडमना फोन लावला.

"मले काहून फोन लावून राहिला?" त्या कडाडल्या. "मी काय डॉक्टर हाव? डॉक्टरले लाव! आधी लाव!"

डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांचं वय, हृदयाचं काही आहे का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, सगळं शांतपणे विचारलं. रक्तदाबाचीही गोळी नाही, हे मी सासूबाईंना फोन करून विचारून घेतलं. कारण विचारू नका म्हटलं. घाबरू नका, लक्ष ठेवा, चक्कर किंवा घाबरल्यासारखं झालं तर लगेच दवाखान्यात आणा, असं त्या म्हणाल्या. मी सासऱ्यांच्या खुर्चीसमोर खुर्ची टाकून साडेचारपर्यंत त्यांच्याकडे पाहत बसलो. ते झोपले. उठले. तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, "जवाईबापू, तुमचं पाचक लय जबर! पोट कसं कापसावानी हलकं झालं." पाच रोडगे आणि अडीच तासांची झोप, याचं श्रेय ते बाटलीला देत होते.

इथं कोणीही शहाणा माणूस खरं सांगून मोकळा झाला असता. मी घाबरलो. पुन्हा असं झालं तर? बायकोला कळलं तर? आणि तसंही आता मला बरं वाटतच होतं: दोन्ही बूट एका दमात घालत होतो. मी बाटली नालीत रिकामी केली. गाव दिसत होतं, मी गाडीतून उतरलो.

पाचव्या दिवशी मान वळवली की डोक्यात बारीक करंट लागल्यासारखं व्हायला लागलं. चक्कर, चिडचिड, रडू. आठवड्याभरात सकाळचा एक बूट पुन्हा जड झाला. आणि या वेळी भीती मोठी होती, कारण एकदा बाहेर आलेला माणूस परत आत जात होता. गाडीत मॅडमनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"उतरला का रे?"

मी मान हलवली.

त्यांनी एक शिवी दिली, ती मी इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं. त्यांनी गोळी परत सुरू केली आणि या वेळी विचारलं, घरी सांगितलं का? मी छताकडे पाहिलं. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "मी काई सांगनार नाई तुह्या घरी. ते तुहं काम हाय. पन रविवारी मी जेवाले येऊन राहिली. वहिनीले सांग, तिखट जास्त टाकजो."

त्या रविवारी सासरे होतेच. आमच्या पाचकाची चटक लागल्यासारखे ते येऊन बसले होते. मॅडमनी पाय धुतले, माझ्या मुलीचा झोका किती लांब जातो ते पावलांनी मोजलं, बायकोशी ठेच्यावरून तासभर बोलल्या. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. जेवण झालं. एक वाजला. मॅडमनी पर्स उघडली, गोळी तळहातावर घेतली.

"कायची गोळी हो मॅडम?" सासऱ्यांनी विचारलं.

"मनाची."

सासरे पुढे वाकले. मॅडमच्या तळहातावरची गोळी त्यांनी चिमटीत उचलली, उजेडात धरली, उलटी केली, मधल्या रेघेवर नख फिरवलं. तीस वर्षं कापूस तपासलेली नजर होती ती.

"हॅट!" ते म्हणाले. "हे मनाची कुठून? हे तं जवाईबापूचं पाचक हाय!"

मॅडमनी आपली गोळी त्यांच्या चिमटीतून काढून घेतली, तोंडात टाकली, पाणी प्यायल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागल्या. माझी मोजणी आता त्या करणार नव्हत्या.

मग मी सांगितलं. काय सांगितलं ते मला धड आठवत नाही, पण नक्कल एकही केली नाही. बाटलीपर्यंत आलो, नालीपर्यंत आलो. मान वर करून पाहिलं तर बायको रडत होती.

"दोन महिने," ती म्हणाली, "मले वाटलं तुमी माह्यावर रागावले. मी रोज आठवून पाहत होती, काय केलं म्हनून मी."

माझ्या लपवालपवीत हिचा हिशेब मी धरलाच नव्हता. माझं दुखणं घरभर सरकत सरकत तिच्या वावरात किती आत शिरलं होतं, ते मला त्या दिवशी दिसलं.

सासरे स्वतःच्या पोटावर हात ठेवून बसले होते. शेवटी ते गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, मंजे माहा गॅस... मनाचा होता?"

आधी मुलगी हसली. मग बायको, रडता रडताच. मग मॅडमचं ते हसणं, ज्यानं शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. आणि मग माझ्या घशातून काहीतरी वर आलं. मला वाटलं रडू, तर ते हसू निघालं. चांगलं गंजलेलं, पण माझंच.

तेव्हापासून पाकीट चहाच्या डब्याशेजारी राहायला लागलं. मी विसरलो तर बायको ओरडायची, "मनाची घेतली का?" आणि खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायच्या, काय मनाची हो, की बायको सांगायची. दोन महिन्यांत त्यांनी त्यांच्या भाचीसाठी डॉक्टरचे वार विचारून नेले. महिन्याभरानंतरच्या एका सकाळी मुलगी म्हणाली, बाबा, चहावाला. मी केला. थोडा बेसूर झाला. तिनं दोनदा करायला लावला.

पुढं वर्ष-सव्वा वर्षानं डॉक्टरीणबाईंनी स्वतः माझी गोळी हळूहळू कमी करत बंद केली. मॅडमची चालूच होती. "माह्यावर तीनदा अतिक्रमण झालं," त्या सांगायच्या. "डॉक्टर म्हनते, कुंपन राहू द्या. राहू द्या तं राहू द्या. चष्मा कोन सोडते का?" मॅडमच्या निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांच्या आठवणी कायम स्मरणात राहतील असं भाषण केलं, आणि या वेळी मी पदर ओढायला शेजारी नव्हतो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मुर्तिजापूरजवळ, त्यांच्याच वावरात. त्यांच्या नवऱ्यानं मोजणीचा अर्ज केला होता, आणि यादीत तो माझ्या नावावर आला. तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेली बाई स्वतःच्या धुऱ्यावर छत्री उघडून, पांढरे बूट मातीत रोवून, मोजणी अर्जदाराची पत्नी म्हणून बसली होती. नियमानं त्यांना काही बोलता येत नव्हतं. हे त्यांच्या चेहऱ्यावर किती जड जात होतं म्हणून सांगू! मी यंत्र जरा वाकडं लावलं की छत्री थरथरायची.

मी मात्र सुटलो होतो. मोजता मोजता मी त्यांना सगळं सांगत होतो. नवे साहेब, त्यांची नक्कल, सासरे आता स्वतःच डॉक्टरांकडे पोटाचं दाखवून आले ते, मुलगी माझी नक्कल करते ती, आणि मी किती बरा आहे ते. त्या काळात मी काय काय घोळ घातले, उत्तरेचा बाण खाली काढला, तेव्हा डोकं जाग्यावरच नव्हतं, बिमारी माणसाकडून काय काय करवून घेते बघा. हा किस्सा मी हल्ली चारचौघांत रंगवून सांगतो.

एक वाजला. त्यांनी डबा खाल्ला, गोळी घेतली. मग उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "दाखव बरं टिपण. पायते फकत, बोलत नाई."

मी दिलं. त्यांनी ते सरळ धरून पाहिलं. उलटं धरून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, मायेनं, अगदी डोळे भरून.

"राऊत, तू बरा झाला हे पक्कं," त्या म्हणाल्या. "पन उत्तर अजून खालीच हाय. मंजे ते बिमारीचं नव्हतं रे बापू, ते तुहं सोताचंच हाय. त्याच्यावर गोळी नाई."